तीन रील्स, एक तबकडी: ‘टारबोल्टन’ची पार्श्वभूमी

आयरिश वादकांच्या बैठकीत कोणी ‘टारबोल्टन’ ही रील धरली की पुढे काय वाजवायचं, हे कुणी विचारत नाही. तिच्यामागून ‘लाँगफर्ड कलेक्टर’ येते आणि मग ‘सेलर्स बॉनेट’. या तीन चालींचं एकमेकींशी मुळात काहीच नातं नाही. त्यांची गाठ पडली ती 1934 साली, फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्या मायकल कोलमनने डेका या ध्वनिमुद्रण कंपनीच्या एकाच तबकडीवर त्या सलग वाजवल्या तेव्हा.

रील ही नाचाची जलद चाल. आठ-आठ मापांचे (माप म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा) दोन भाग आणि प्रत्येक मापात आठ धावते सूर. हा प्रकार अठराव्या शतकात स्कॉटलंडहून आयर्लंडमध्ये आला आणि तिथलाच होऊन गेला. ‘टारबोल्टन’ हे नावही तिकडचंच. टारबोल्टन हे स्कॉटलंडमधल्या एअरशरचं एक गाव, आणि या चालीचं दुसरं नाव ‘टारबोल्टन लॉज’. कवी रॉबर्ट बर्न्स 1781 मध्ये फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, दाखल झाला, तो याच गावात.

कोलमन 1891 मध्ये आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिल भागात जन्मला. वडील बासरी वाजवत, त्यामुळे घरात वादकांचा राबता असे. 1914 मध्ये त्याने अमेरिका गाठली. तिथे आयरिश तबकड्यांचा धंदा उभा राहण्यामागे एका बाईचा हट्ट होता. न्यूयॉर्कच्या थर्ड अव्हेन्यूवर दुकान चालवणाऱ्या एलन ओ’बर्न डिविट यांनी 1916 मध्ये कोलंबिया कंपनीला गळ घातली: तुम्ही आयरिश वादकांची तबकडी काढा, 500 प्रती मी विकत घेते. स्थलांतरितांना गावाकडचं संगीत हवं होतं, हे त्यांनी कंपन्यांच्या आधी ओळखलं. कोलमनच्या तबकड्या 1921 पासून येऊ लागल्या.

पुढे महामंदीने हा बाजार बसला. 1934 मध्ये अमेरिकेत नवी उभी राहिलेली डेका कंपनी 35 सेंटला तबकडी विकू लागली, आणि कोलमन पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी उभा राहिला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. नाचाच्या रात्री वादक हवा तितका वेळ वाजवू शके. इथे मोजक्या आवर्तनांत सगळं सांगायचं होतं. म्हणूनच ते वादन इतकं घट्ट विणलेलं आहे. ‘टारबोल्टन’ उदास वळणाची आहे. ती संपते तिथेच, गज न थांबता, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ उजळून वर येते. ती जागा मी कितीदा ऐकली असेल, पण अंगावर काटा येतोच. मधेमधे ‘रोल’ येतात: मूळ सूर, वरच्या सुराचा निसटता स्पर्श, पुन्हा मूळ, खालच्याचा स्पर्श, पुन्हा मूळ. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होऊन जातं.

या तबकड्या अमेरिकेतून आयर्लंडला गेल्या आणि खेड्यापाड्यांतल्या ग्रामोफोनवर वाजू लागल्या. स्लायगोपासून फार दूरचे वादकही त्या ऐकून कोलमनसारखं वाजवू पाहू लागले. त्यात कित्येक भागांचं आपापलं वळण मागे पडलं, आणि मला वाटतं, हे नुकसान मोठं होतं. तरीही ज्या काळात हे संगीत गावंढळ म्हणून हिणवलं जात होतं, त्या काळात त्याला प्रतिष्ठा दिली ती याच तबकड्यांनी.

कोलमन 1945 मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारला. त्याचा थोरला भाऊ जिम मायकलपेक्षा सरस वाजवतो, असं किलाव्हिलची जाणती माणसं सांगत. जिमची एकही तबकडी निघाली नाही.