रडार डिटेक्टरचा ‘दुप्पट पल्ला’ कितपत खरा?

अमेरिकेत मोटारीसाठी नवा रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल दुरूनच घेऊन चालकाला इशारा देणारे यंत्र, येणार असला, की तो बाजारात येण्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची जाहिरात सुरू होते आणि तिच्यात बहुधा एकच गोष्ट ठळक असते: आधीच्या मॉडेलपेक्षा कितीतरी मोठा पल्ला. यंत्र अजून कुणाच्याही हाती पडलेले नसताना केलेला हा दावा भौतिकशास्त्राच्या नियमांवर घासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिथल्या पोलिसांची रडारगन साधारणपणे २४.१५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या के बँडमध्ये किंवा ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झच्या केए बँडमध्ये लहरी सोडते आणि गाडीवर आपटून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत किती फरक पडला, यावरून वेग काढते. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या गाडीसाठी के बँडमध्ये हा फरक सुमारे ४,५०० हर्ट्झ असतो. गनच्या लहरीला जाऊन परत यावे लागत असल्यामुळे अंतर दुप्पट झाले, की परतणारा संकेत सोळाव्या हिश्शावर येतो; डिटेक्टरला मात्र जाणारी लहरच पकडायची असल्याने त्याचा संकेत चौथ्या हिश्शावर थांबतो. डिटेक्टर गनच्या आधी सावध होतो तो मुख्यतः यामुळे, आणि हा फायदा जुन्या, स्वस्त यंत्रालाही मिळतो.

पल्ला दुप्पट करायचा, तर चौपट क्षीण संकेत ओळखता यायला हवा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ते साधेलही. पण केए बँडची लहर जेमतेम ९ मिलिमीटर लांबीची असते, ती टेकडीला वळसा घालत नाही, आणि वळणापलीकडे पोचतो तो दगडांवरून व वाहनांवरून विखुरलेला थोडासा अंश. सरळ रस्त्यावर मिळालेला आकडा घाटात लागू होत नाही, तो याच कारणाने.

शिवाय यंत्राचे कान जितके तिखट, तितका गोंगाटही जास्त. अनेक गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये, चालकाला न दिसणाऱ्या बाजूवर लक्ष ठेवणारे सेन्सर असतात आणि त्यांतले बरेचसे याच २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. शेजारच्या लेनमधून अशी एक गाडी पुढे सरकली, की डिटेक्टर ओरडू लागतो. तो गप्प बसावा म्हणून गाळणी कडक केली, तर खऱ्या गनचा क्षणभराचा संकेतही तिच्यात अडकण्याची भीती असते. म्हणूनच खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण न सांगता नुसता पल्ला सांगणारी जाहिरात मला अर्धवट वाटते.

लेझर गनपुढे तर पल्ल्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. तिचा अदृश्य झोत ३०० मीटरवरही साधारण एक मीटर रुंदीचाच राहतो, थेट नंबरप्लेटवर रोखला जातो आणि वेग अर्ध्या सेकंदाच्या आत मोजून मोकळा होतो. डिटेक्टरचा इशारा वाजतो, तेव्हा गनच्या पडद्यावर आकडा बहुधा उमटलेला असतो.