व्हेटो झाला, म्हणून जातिभेदाला मोकळीक मिळाली?

ऑक्टोबर 2023 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय: ‘कॅलिफोर्नियात जातीचा कायदा पडला, आता तक्रार करता येत नाही.’ हे चूक आहे. जातिभेदाला थेट नाव घेऊन बंदी घालणारं एसबी 403 विधेयक राज्याचे गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं, म्हणजे सही न करता परत पाठवलं, हे खरं. पण कारण काय दिलं? जातीवरून भेदभावाला आधीच्या कायद्यांनीच बंदी आहे, म्हणून नवा कायदा अनावश्यक. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं तेवढंच गाळलं! सिस्को या तंत्रज्ञान कंपनीवर जातिभेदाचा खटला राज्याच्या नागरी हक्क खात्याने 2020 मध्ये, म्हणजे विधेयकाच्या आधी भरला होता. 2023 मध्ये खात्याने सिस्कोच्या दोन अभियंत्यांवरचे आरोप मागे घेतले, कंपनीवरचा खटला मात्र चालू ठेवला.

नोकरीतल्या भेदभावाची तक्रार या खात्याकडे 3 वर्षांच्या आत, फुकट करता येते. खरी अडचण पुढे आहे, ती पैशांची. चौकशी अधिकाऱ्यांचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. जानेवारीत अंदाजपत्रक मांडलं जातं, मे महिन्यात सुधारतं, 15 जूनपर्यंत मंजूर व्हावं लागतं. नगर परिषदा आणि काउंट्यांना खात्यासाठी निधी मागायचा तर पत्रं, ठराव या मुदतीतच राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला पोचायला हवेत. जुलैत पाठवलेला ठराव निव्वळ शोभेचा.