मापाची फळी : सर्फबोर्ड माणसागणिक घडवण्यामागची गोष्ट

शिंप्याकडे गेलं की तो आधी टेप काढतो. सर्फबोर्ड घडवणाऱ्या कारागिराचा, म्हणजे शेपरचा, टेप बराच वेळ खिशातच असतो. आधी प्रश्न सुरू होतात. वजन किती? वय काय? आठवड्यातून किती दिवस पाण्यात उतरता? कुठल्या किनाऱ्यावर? पुढचा पाय डावा की उजवा? आत्ताचा बोर्ड कुठे दगा देतो, लाट पकडताना, उभं राहताना की वळताना? या उत्तरांवरून लांबी, रुंदी, जाडी ठरते, आणि तीही इंचाच्या सोळाव्या हिश्श्यापर्यंत. दुकानात साच्यातून काढलेले तयार बोर्ड रांगेनं उभे असतात, तरी लोक कित्येक आठवडे थांबून आपल्या मापाचा बोर्ड करून घेतात.

या कलेचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बोर्डात झालेले मोठे बदल बहुतेक वेळा कुणा एकाची अडचण सोडवताना झाले, आणि मग ते सगळ्यांचे झाले. म्हणून ही गोष्ट माणसांच्या अंगानंच सांगायला हवी.

कॅप्टन कुक १७७८ साली हवाई बेटांवर पोचला, तेव्हा तिथे लाटेवर स्वार होणं हा राजापासून कोळ्यापर्यंत सगळ्यांचा खेळ होता. फळ्या मात्र सगळ्यांच्या सारख्या नव्हत्या. पोटावर झोपून चालवायची आखूड पाइपो, त्याहून लांब आणि पातळ आलाया, आणि सोळा-सतरा फुटांची जाडजूड ओलो. ओलो ही सरदारांची फळी. ती विलिविलीच्या लाकडाची करत. विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा चुलतभाऊ, लाकूड तसंच हलकं. आलाया बहुधा कोआ या तिथल्या झाडाच्या लाकडाची असे, कधी नीरफणसाच्या. आपल्या कोकणात ज्याच्या कापा तव्यावर परततात तोच हा नीरफणस. तो मूळचा पॅसिफिकच्या बाजूचाच.

फळी करणं हे नुसतं सुतारकाम नव्हतं. झाड निवडलं की बुंध्याशी लाल कुमू मासा ठेवायचा. झाड पाडलं की मुळांच्या जागी खड्डा करून तो मासा तिथे पुरायचा आणि प्रार्थना म्हणायची. मग दगडी तासणीनं ओंडका उतरवत आणायचा. तासणीच्या खुणा प्रवाळाच्या खडबडीत दगडानं घासून घालवायच्या, वरून काळा रंग द्यायचा आणि शेवटी कुकुईच्या बियांचं तेल जिरवायचं. कुकुई म्हणजे आपल्याकडचा जंगली अक्रोड. पाण्यातून परत आल्यावर फळी वाळवून, तेल लावून, सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवत. माणूस वस्तूची इतकी काळजी घेतो तेव्हा ती वस्तू त्याची एकट्याची असते.

आबनर पाकी नावाच्या सरदाराच्या अशा दोन फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. पाकी धिप्पाड होता, आणि त्याच्या फळ्याही तशाच. त्याची मुलगी बर्निस पौआही बिशप हिच्या स्मरणार्थ तिच्या नवऱ्यानं १८८९ साली ते संग्रहालय काढलं. लेकीच्या नावाच्या वास्तूत बापाच्या फळ्या जपल्या गेल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण दरम्यानच्या काळात बाकी जवळजवळ सगळं बुडालं होतं. १८२० साली मिशनरी आले. त्यांना हा उघड्या अंगाचा खेळ रुचला नाही. त्याहून मोठा घाव बाहेरून आलेल्या रोगांचा. लाखांत असलेले मूळ हवाई लोक १८९० च्या सुमाराला ४०,००० च्या आसपास उरले. फळ्या करणारे हात गेले तिथे मापं कोण सांगणार?

तरी धागा अगदी तुटला नाही. १८८५ साली कॅलिफोर्नियात शिकायला गेलेल्या तीन हवाई राजकुमारांनी सांता क्रूझच्या नदीमुखाशी रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक काहानामोकू सिडनीला गेला, तेव्हा त्यानं तिथल्याच वखारीतल्या पाइनच्या लाकडातून स्वतःसाठी फळी घडवली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर जमलेल्या लोकांना ती चालवून दाखवली. ती फळी आजही तिथे जपून ठेवली आहे.

मग १९२६ साली टॉम ब्लेक नावाचा तरुण बिशप संग्रहालयात आला. पाकीच्या फळ्या त्यानं साफसूफ करून पूर्ववत केल्या आणि तशीच ओलो स्वतः करायला घेतली. ओंडका भयंकर जड झाला. त्यानं त्याला शेकडो भोकं पाडली, आतलं लाकूड सुकू दिलं आणि वरखाली पातळ फळकुटं बसवून ती बुजवली. फळी हलकी झाली आणि विलक्षण वेगानं धावली. यातूनच पुढे पोकळ बोर्ड आला. त्याचं पेटंट ब्लेकला १९३२ साली मिळालं. १९३५ साली त्यानंच फळीच्या बुडाला मागे एक फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पट्टी, बसवून पाहिली. तोवर फळी वळवायची म्हणजे पाय पाण्यात घालून ओढायचा.

याच दशकात लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा सर्फबोर्ड कारखान्यातून बाहेर पडू लागले. पॅसिफिक सिस्टिम होम्स ही तयार सुट्या भागांची घरं करणारी कंपनी. बाल्सा हे अगदी हलकं लाकूड आणि रेडवूड यांच्या पट्ट्या चिकटवून ती बोर्ड करी, आणि त्यावर छाप असे स्वस्तिकाचा. तेव्हा अमेरिकेतही स्वस्तिक शुभचिन्ह म्हणूनच ओळखलं जाई. दशक संपता संपता जर्मनीच्या सावटामुळे तो छाप बदलावा लागला. हे बोर्ड देखणे होते, पण सगळे एका घाटाचे. उंच असो की ठेंगणा, ज्यानं त्यानं आपलं अंग बोर्डाशी जुळवून घ्यायचं.

होनोलुलूच्या काही पोरांना ते पटलं नाही. १९३७ साली डायमंड हेडजवळच्या उंच लाटांवर जॉन केली आणि त्याच्या मित्रांच्या रुंद शेपटीच्या फळ्या सारख्या घसरत होत्या. केलीनं घरी येऊन कुऱ्हाड घेतली, फळीची शेपटी निमुळती तासली आणि त्याच दिवशी पुन्हा पाण्यात उतरला. फळी लाटेच्या भिंतीला धरून राहिली. तिला पुढे हॉट कर्ल म्हणू लागले. मोठ्या लाटेवर चालणारा लांब, टोकदार बोर्ड, ज्याला आज गन म्हणतात, तो या कुऱ्हाडीच्या घावांचा वंशज.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बाजारात आल्या, फायबरग्लासचं म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, आणि रेझिन, म्हणजे त्यात जिरून कडक होणारा चिकट द्रव. बॉब सिमन्सनं त्यांचं सोनं केलं. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या नामवंत तंत्रविज्ञान संस्थेत शिकलेला हा माणूस. अपघातानंतर त्याचा डावा हात कोपरातून नीट वाकत नसे. ४५ किलोंची फळी अशा हातानं वाहायची कशी, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. वेगवान बोटींच्या तळावर अमेरिकी नौदलासाठी झालेला अभ्यास त्यानं बारकाईनं वाचला आणि तोच हिशेब फळीला लावला. १९५४ साली सर्फिंग करतानाच, पस्तिशीत, तो गेला.

या सगळ्यांत माझ्या लेखी सर्वांत मोलाची फळी मात्र एका मुलीची आहे. १९४७ साली टॉमी झान या सर्फरनं जो क्विग या शेपरला गळ घातली, की डॅरिलिन झॅनकसाठी हलकीशी फळी करून दे. डॅरिलिन ही हॉलिवूडमधल्या स्टुडिओप्रमुखाची मुलगी, नुकती शिकणारी. फळी तिला उचलता यायला हवी आणि तिच्या उघड्या मोटारीत मागे मावायला हवी. क्विगनं बाल्सा निवडून निवडून लावला, कडा गोलसर केल्या, दोन्ही टोकांना थोडी वर उचल दिली आणि मागे फिन बसवली. मग कॅलिफोर्नियातल्या मॅलिबूच्या किनाऱ्यावर जे घडलं ते सांगताना जुने लोक हसत. नवशिक्या मुलीसाठी केलेली ती फळी तालेवार पुरुष सर्फर सारखी उसनी मागून नेऊ लागले. त्यांच्या वजनदार फळ्या सरळ रेषेत धावत. ही मनासारखी वळे. तिला धरून क्विग आणि मॅट किव्हलिन यांनी हलक्या फळ्यांची जी मालिका केली तिला मॅलिबू चिप म्हणतात. आजच्या लाँगबोर्डची आजी हीच. ताकद कमी असलेल्या माणसाचा विचार करून केलेली वस्तू ताकदवानालाही जास्त उपयोगी पडली, हे इतिहासात पुरेसं ठळकपणे लिहिलं गेलेलं नाही.

बाल्सा इक्वेडोरहून यायचा, महाग पडायचा आणि प्रत्येक ओंडका वेगळा निघायचा. त्याची जागा फोमनं घेतली. हॉबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या लगुना कॅन्यनमध्ये पॉलियुरेथेन फोमवर कसून प्रयोग केले आणि १९५८ साली असे बोर्ड विकायला काढले. साच्यात ओतलेला हा फोमचा ओबडधोबड ठोकळा म्हणजे ब्लँक. मधोमध उभी लाकडी पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. ब्लँक मऊ असल्यामुळे एक माणूस काही तासांत त्यातून बोर्ड काढू शकला. ऑर्डर घेऊन, नाव लिहून, प्रत्येकाला वेगळा बोर्ड देणं त्यामुळेच धंदा म्हणून परवडू लागलं.

ते काम पाहण्यासारखं असतं. खोली अरुंद, भिंती गडद निळ्या किंवा हिरव्या, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या थोड्या वर आडव्या ट्यूबलाइट. वरचा दिवा बंद. उजेड आडवा पडला की फोमवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. जे डोळ्यांना एरवी सपाट दिसेल त्याचे डोंगर-दऱ्या होतात. शेपर पातळ प्लायच्या साच्यावरून पेन्सिलीनं बाह्यरेषा ओढतो, करवतीनं कापतो आणि इलेक्ट्रिक रंधा घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत चालत जातो. कित्येक जुने शेपर स्किल १०० हा रंधा जिवापाड जपतात. त्याचं उत्पादन कधीच थांबलं, पण चालता चालता बोटानं कापाची खोली बदलायची सोय त्यात आहे. मग कडा, ज्यांना रेल म्हणतात, पट्ट्यापट्ट्यांनी उतरवायच्या आणि जाळीदार सँडपेपरनं गोल करायच्या. शेवटी शेपर डोळे मिटून दोन्ही रेलवरून एकाच वेळी हात फिरवतो. डावं-उजवं सारखं आहे की नाही, ते तळहाताला आधी कळतं.

साठच्या दशकाच्या शेवटी लांबी झपाट्यानं घटली. साडेनऊ फुटांचे बोर्ड दोन-तीन वर्षांत सात फुटांच्या खाली आले. ऑस्ट्रेलियातल्या बॉब मॅक्टाविशचा त्यात मोठा हात. त्याला वाट दाखवली ती जॉर्ज ग्रीनो या गुडघ्यांवर बसून लाट घेणाऱ्या कॅलिफोर्नियनच्या आखूड, लवचीक बोर्डानं. पुढे मार्क रिचर्ड्सनं स्वतः घडवलेल्या दोन फिनांच्या बोर्डांवर १९७९ ते १९८२ सलग चार वेळा विश्वविजेतेपद मिळवलं. जो तो दोन फिनांकडे वळला.

सिडनीचा सायमन अँडरसन मात्र हैराण झाला. सहा फुटांच्या वर उंची, वजन नव्वदीच्या पुढे. दोन फिनांचा चपळ बोर्ड त्याच्या वजनाखाली घसरायचा. १९८० च्या ऑक्टोबरात त्यानं फ्रँक विल्यम्सच्या बोर्डावर दोन फिनांच्या मागे एक छोटी अर्धगोल तिसरी पट्टी पाहिली. अँडरसन स्वतः शेपर. त्यानं तिन्ही फिन जवळपास एका आकाराच्या केल्या, मागचा भाग थोडा रुंद ठेवला आणि या बोर्डाला थ्रस्टर नाव दिलं. १९८१ च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्याच बेल्स बीचवर प्रचंड लाटा आल्या आणि तिथली स्पर्धा त्यानं जिंकली. त्याच वर्षी सिडनीची आणि हवाईतल्या पाइपलाइन या लाटेवरचीही. पेटंट त्यानं घेतलं नाही. स्वतःच्या भारी शरीरासाठी शोधलेली ही मांडणी आज जगातल्या बहुतेक शॉर्टबोर्डांखाली आहे, आणि तिच्यावर त्याला एका पैचाही हक्क सांगता येत नाही.

१९९० नंतर कामात संगणक आला. आकार पडद्यावर आखायचा, मशीननं ब्लँक कापून घ्यायचा आणि शेवटचा हात माणसानं फिरवायचा. मोजमापात लिटरची भर पडली, म्हणजे बोर्डाचं घनफळ. नवशिक्याला साधारण आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर लागतात. मुरलेल्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. एखाद्याचा जमलेला बोर्ड मोडला तर तसाच दुसरा काढून देता येऊ लागला. केवळ हाताच्या कामात हे जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे मशीनला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

५ डिसेंबर २००५ ला मात्र हा सगळा धंदा किती नाजूक दोरीवर टांगला होता ते दिसलं. अमेरिकेतल्या ब्लँकच्या बाजाराचा बहुतांश हिस्सा गॉर्डन क्लार्कच्या एका कारखान्याच्या हातात होता. त्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकांना फॅक्सनं लांबलचक पत्र पाठवून कारखाना बंद केल्याचं कळवलं आणि साचेही फोडून टाकले. फोममध्ये लागणाऱ्या टीडीआय या विषारी रसायनावरून सरकारी यंत्रणांशी चाललेली झटापट हे त्यानं दिलेलं मोठं कारण. शेपर शिल्लक ब्लँक मिळवायला धावले, भाव कडाडले. काही महिन्यांत ऑस्ट्रेलिया, ब्राझील, दक्षिण आफ्रिकेतून माल येऊ लागला, कुणी थर्माकोलच्या जातीचा ईपीएस फोम आणि इपॉक्सी जातीचं रेझिन धरलं. काहींनी तर लाकडाकडेच मोर्चा वळवला. ऑस्ट्रेलियातल्या नूसाचा टॉम वेगनर बिशप संग्रहालयातल्या जुन्या आलाया पाहून आला होता. त्यानं पावलोनियाच्या हलक्या लाकडातून तशाच बिनफिनाच्या फळ्या करायला घेतल्या.

आपल्या देशात संघटित सर्फिंग कर्नाटकातल्या मुल्कीला २००४ साली सुरू झालेल्या मंत्र सर्फ क्लबपासून धरतात. गोव्यात मोरजी-आश्वेच्या बाजूला आता शिकवण्या चालतात. तिथल्या मऊ, कमी जोराच्या लाटेला रुंद, जाड आणि कमी वाकाचा बोर्ड लागतो. कॅलिफोर्नियातल्या पट्टीच्या सर्फरसाठी कापलेला बोर्ड इथे पाण्यात रुतून बसेल.

मशीन असो वा रंधा, शेवटची एक गोष्ट बदललेली नाही. घासणं संपलं की शेपर बोर्ड उलटा करतो, मऊ पेन्सिल घेतो आणि स्ट्रिंगरच्या कडेनं लांबी, रुंदी, जाडी लिहितो, खाली आपली सही करतो आणि ज्याच्यासाठी बोर्ड केला त्याचं नाव टाकतो. मग ब्लँक पुढच्या खोलीत जातो. तिथे त्यावर काचेचं कापड पसरतात आणि रेझिन ओततात. कापड पारदर्शक होत जातं आणि पेन्सिलीची ती दोन ओळींची अक्षरं आत कायमची राहतात.