करंगळीला मुंग्या येतात? ऑपरेशनआधी सांगा

"पाठीत सुई टोचली आणि हात गेला." हर्नियाचं किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, दोन-तीन दिवसांनी करंगळी बधिर पडली, की आपल्या सोलापुरात नातेवाईक हमखास असं म्हणतात. पण भुलीसाठी दिलेल्या त्या सुईचा इथे संबंध नाही. हाताच्या नसा मानेतून निघतात, सुई टोचतात कंबरेत.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1957 ते 1991 या काळातल्या 11 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. करंगळीच्या नसेचा, म्हणजे अल्नर नर्व्हचा, टिकून राहिलेला त्रास साधारण 2,729 जणांत एकाला आढळला. भूल कोणत्या प्रकारची दिली, यावर तो अवलंबून नव्हता. पुरुष, फार कृश किंवा फार स्थूल माणसं आणि बरेच दिवस दवाखान्यात राहिलेले रुग्ण यांच्यात तो जास्त दिसला. शिवाय अशा रुग्णाच्या दुसऱ्या, चांगल्या वाटणाऱ्या हाताची तपासणी केली तर अनेकदा तिथल्याही नसेतून संदेश मंद जाताना सापडतात. म्हणजे नस आधीपासूनच आजारी होती. कुणाला पत्ता नव्हता.

नस आजारी पडते कशी? चेतापेशीचं केंद्रक शाळेत शिकलेलं आठवत असेल. करंगळीच्या स्नायूंना हलवणाऱ्या पेशीचं केंद्रक मानेत, मज्जारज्जूत असतं आणि तिचा अक्षतंतू, म्हणजे लांबलचक धागा, थेट पंज्यापर्यंत पोचतो. प्रथिनं तयार होतात मुख्यतः मानेत, लागतात बोटात. त्यांना बोटाकडे अक्षतंतूच्या आतल्या सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन नावाची प्रथिनं वाहून नेतात. वेगवान माल दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जातो, संथ माल जेमतेम काही मिलिमीटर. नसेवर पाऱ्याच्या 30 मिलिमीटरइतका दाब टिकून राहिला तरी ही वाहतूक अडखळते. आपला रक्तदाब 120 असतो, त्यावरून हा दाब किती थोडा ते कळेल. कोपरामागे ही नस हाडाच्या खोबणीतून, कातडीच्या अगदी खालून जाते आणि कोपर दुमडलं की खोबण आवळते. उजनीच्या जलवाहिनीवर दोन ठिकाणी व्हॉल्व्ह अर्धवट बंद केले तर शेवटच्या नळाला पाणी येत नाही. तसंच मानेत थोडा दाब, कोपरात थोडा, वर मधुमेह, असं झालं की एरवी सहन झाला असता असा दाबही पुरेसा ठरतो. 1973 साली अप्टन आणि मॅककोमस यांनी मांडलेली ही कल्पना अजून वादात आहे, पण मला ती पटते.

दिवसभर कोपर दुमडून विड्या वळणाऱ्या बाईला मुंग्या हा आजार वाटतच नाही, म्हणून ती सांगत नाही. नंतर 'वारं गेलं' म्हणून गंडा बांधतात, गरम तेलाने कोपर रगडतात. आधीच दबलेल्या नसेवर हा आणखी दाब. अक्षतंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंज्यापर्यंत म्हणजे वर्षभराची गोष्ट. अशा वेळी आठ दिवसांत बरं करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा बीपी-शुगरबरोबर हेही सांगा: रात्री करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं का, बटण लावताना बोटं अडखळतात का. मग ते केसपेपरवर नोंद करतात, कोपराखाली गादी ठेवतात, तळहात वर वळवतात, हात खांद्यातून 90 अंशांपेक्षा जास्त फाकवत नाहीत. वॉर्डात आल्यावर रुग्ण छातीवर हात घेऊन तासन्‌तास पडून असेल, तर जवळ बसलेल्याने त्याचं कोपर मधूनमधून सरळ करावं.