कंपनीने कार्बनचा आकडा मागितलाय? आधी गॅस भरल्याची चिठ्ठी शोधा

दूध शीतकरण केंद्र, टोमॅटो पल्पचा कारखाना किंवा बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवत असाल, तर खरेदीदार कंपनीकडून एखादी एक्सेल शीट आली असेल किंवा येईल. ‘स्कोप १ आणि स्कोप २ उत्सर्जन भरून पाठवा.’ स्कोप १ म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेल्या इंधनाचं आणि गळलेल्या गॅसचं उत्सर्जन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं. शीट उघडली की पहिला प्रश्न एकच: हे कायद्याने सक्तीचं आहे का?

तुमच्यावर नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा ‘बीआरएसआर’, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना द्यावा लागतो. जुलै २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्या मुद्द्यांचं ‘बीआरएसआर कोअर’ आलं आणि त्यातल्या पहिल्या २५० कंपन्यांनी पुरवठादारांचेही आकडे द्यावेत असं ठरलं. पुढे मार्च २०२५ च्या परिपत्रकाने हा भाग ऐच्छिक केला, तोही २०२५-२६ पासून. शिवाय त्यात पुरवठादार धरायचा तो कंपनीच्या एकूण खरेदीत मूल्याने किमान २ टक्के वाटा असलेलाच, आणि एकूण खरेदीच्या ७५ टक्क्यांपर्यंत माहिती गोळा झाली की कंपनी तिथे थांबू शकते. म्हणून शीट भरण्याआधी ‘आमचा वाटा २ टक्क्यांच्या वर आहे का?’ एवढं विचारून घ्या. मात्र ऐच्छिक आहे म्हणून शीट बाजूला टाकू नका. खरेदी करारात कंपनीने स्वतःची अट घातलेली असू शकते, आणि ती सेबीच्या परिपत्रकाने सैल होत नाही.

कागद कुठले लागतात

एप्रिल ते मार्च अशी बारा वीजबिलं, जनरेटर आणि स्वतःच्या टँकरच्या डिझेलची बिलं, बॉयलरच्या इंधनाच्या पावत्या आणि शीतयंत्रात गॅस भरल्याची बिलं. भाड्याच्या टँकरचं डिझेल यात धरू नका, ते स्कोप ३ मध्ये, म्हणजे साखळीतल्या इतरांच्या उत्सर्जनात जातं. बॉयलरमध्ये बगॅस (उसाचं चिपाड) किंवा शेतकचऱ्याचे ब्रिकेट जळत असतील तर त्यांचा कार्बन डायऑक्साइड जैविक म्हणून वेगळा दाखवायचा असतो, बेरजेत घ्यायचा नाही.

वीजबिलात एक खाच आहे. उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर होते, पण उत्सर्जनाचा हिशेब केडब्ल्यूएचवर, म्हणजे नेहमीच्या युनिटवर करायचा. दोन्ही आकडे बिलावर असतात आणि घाईत पहिलाच उचलला जातो. मिळालेल्या युनिटना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या गुणांकाने गुणायचं. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. तुमच्या वर्षाचा गुणांक बघून घ्या.

समजा केंद्राला महिन्याला २०,००० युनिट लागतात. म्हणजे १४,५४० किलो, साधारण साडेचौदा टन. जनरेटरला ५०० लिटर डिझेल लागलं, तर लिटरमागे २.६८ किलोप्रमाणे १,३४० किलो. इथवर सगळे बरोबर येतात.

आता गॅस. शीतयंत्रात आर-४०४ए असेल आणि गळतीमुळे वर्षात १० किलो भरावा लागला असेल, तर तेवढ्यानेच सुमारे ३९ टन होतात. एक किलो हा गॅस जवळपास ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे दहा किलोंची गळती वरच्या अडीच महिन्यांहून जास्त विजेइतकी पडली! आणि नेमका याचाच कागद सापडत नाही. मिस्त्री येतो, सिलिंडर लावतो, पैसे घेतो आणि जाताना सिगारेटच्या पाकिटामागे ‘गॅस भरला’ एवढंच लिहून देतो. यापुढे गॅसचं नाव, किलो आणि तारीख असलेलं पक्कं बिल घ्या. अमोनियाचं यंत्र असेल तर ही चिंताच नाही, अमोनियाचा तापमानवाढीचा परिणाम शून्य धरतात.

दुधाचा स्वतःचा कार्बन

गाई-म्हशींच्या रवंथातून निघणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तीव्र असतो आणि दुधाच्या साखळीतला मोठा हिस्सा त्याचाच. पण तुमच्या दृष्टीने तो स्कोप ३ आहे, आणि बीआरएसआर कोअरमध्ये उत्सर्जनाचा मुद्दा स्कोप १ व २ पुरताच आहे. कंपनीने तरीही मागितला तर गोठ्यागोठ्यात मोजणी करत बसू नका. संकलन रजिस्टरमधले लिटर गाय आणि म्हैस असे वेगळे काढून द्या, गुणांक कोणता लावायचा ते कंपनीनेच लेखी सांगावं.

शेवटी वाटणी. तीन कंपन्यांना दूध जात असेल तर केंद्राचं अख्खं उत्सर्जन तिघींच्याही शीटमध्ये लिहू नका. ज्या कंपनीला ४० टक्के दूध गेलं, तिच्या शीटमध्ये ४० टक्केच आकडा घाला आणि वाटणी लिटरवर केली की रकमेवर, ते शेऱ्याच्या रकान्यात नोंदवा.