खडू म्हणजे शिंपल्यांचा चुरा?

‘खडूच्या खडकाचे पांढरे कडे म्हणजे शंख-शिंपल्यांचा चुरा,’ असं फिरतं. त्यात अधूनमधून शिंपले सापडतात, त्यामुळे ते पटतंही. पण खडूचा मोठा भाग कॉकोलिथोफोर या एकपेशीय तरंगत्या शैवालांच्या चकत्यांचा असतो. चकती जेमतेम काही मायक्रोमीटरची.

व्हिनेगरने निर्णय होत नाही: दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, दोन्ही फसफसतात. भुकटी पाण्यात ढवळा, थेंब काचपट्टीवर वाळवा, १००० पट सूक्ष्मदर्शकात आडव्या-उभ्या ध्रुवण-गाळण्यांतून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या, एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दोन पट्ट्यांतून) पाहा. गोल चकत्यांवर काळी फुली दिसेल; त्याच शैवालाच्या चकत्या. नमुना नैसर्गिक खडूचाच हवा. फळ्याचा खडू पुष्कळदा जिप्समचा असतो.