जीवनकौशल्य-मापन (व्यसनप्रतिबंध)

तंबाखू, दारू व इतर अमली पदार्थांपासून दूर राहायला उपयोगी पडणारी कौशल्ये किशोरवयीन मुलामुलींत कितपत आहेत, हे प्रश्नावली, निरीक्षण वा प्रसंगनाट्यातून अजमावण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात निर्णयक्षमता, समानुभूती, ताण हाताळणे इत्यादी दहा जीवनकौशल्ये मांडली. व्यसनाच्या संदर्भात ती सगळी सारख्या तोलाची नाहीत. ठाम नकार देता येणे आणि ताण पेलता येणे यांच्याकडे अधिक लक्ष दिले जाते. ‘वर्गातली बहुतेक मुले ओढतात’ हा समज म्हणजे काही कौशल्य नव्हे, पण त्यानेही मुले व्यसनाकडे वळू शकतात, म्हणून तोही मोजतात.

या क्षेत्रातला गाजलेला शालेय कार्यक्रम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या गिल्बर्ट बॉटविन यांचा. आरंभी तो धूम्रपानापुरताच होता. न्यूयॉर्क राज्यातील ५६ शाळांतल्या त्याच्या दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रश्नावलीबरोबर मुलांच्या उच्छ्वासाचे नमुनेही घेतले होते. उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइडवरून नुकतेच केलेले धूम्रपान कळते. शिवाय खोटे पकडले जाईल या धास्तीने उत्तरेही खरी येतात. मळलेल्या तंबाखूला किंवा विदर्भातल्या खर्ऱ्याला (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाला) ही युक्ती लागू पडत नाही. तिथे लाळेतले किंवा लघवीतले कोटिनीन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारे द्रव्य, तपासावे लागते.

‘मित्राने सिगारेट दिली तर मी नाही म्हणू शकतो’ यासमोर ‘पूर्ण सहमत’वर खूण करणे सोपे असते. म्हणून काही ठिकाणी प्रसंग उभा करतात: एक जण पुडी पुढे करतो, ‘एवढ्याने काय होतंय रे’ म्हणतो, आणि निरीक्षक समोरच्याची नजर, आवाज, नकारातला स्पष्टपणा, त्याने सुचवलेला दुसरा बेत यांना गुण देतो. ही रीत वेळखाऊ आहे आणि दोन निरीक्षकांचे गुण जुळतीलच असे नाही. तरी कागदापेक्षा ती अधिक बोलकी. मात्र दोन्हींत नकार द्यायचा तो बहुधा मित्रालाच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तंबाखू आणायला दुकानात पिटाळलेल्या मुलाचा प्रसंग आपल्याकडच्या चाचणीत हवाच.

मुलांनी मोकळेपणाने लिहावे म्हणून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देतात आणि शिक्षकांना वर्गाबाहेर थांबवतात. प्रशिक्षणानंतर गुण वाढले म्हणजे व्यसन टळलेच, असे धरता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षण न मिळालेल्या गटाशी तुलना आणि काही वर्षांचा पाठपुरावा लागतो. कधी गुण उलट घटतातही, कारण शिकल्यावर मूल स्वतःला अधिक कठोरपणे जोखते.